सुलोच्या बंदुकीची टकटक

...नाही, नाही, त्या कायद्याचं मला काही सांगू नका! कायदा आपल्या जागी बरोबर असेल, असू दे. बंदूक म्हणजे काय लाटणं आहे की घेतलं हातात अन् लागलं कामाला? पण मेलेला माणूस घरभर टकटक करत फिरतोय आणि त्याच्यावर इलाज करायचा तर आधी पोलिसात अर्ज द्या, असं कुठं असतं का हो? असतं! आमच्याकडे असतं! आणि हे सगळं रामायण कशापायी? तर नळी लांब होती. दुसरं काही नाही. नळी लांब होती!

आता नीट बसा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारी कुठून कुठं भरकटली.

तर आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, काइनूच्या रानात, कुर्किसुओच्या दलदलीला लागून एक तांबडं लाकडी घर, आणि त्या घरात नांदत होते सुलो, त्याची बायको आउने, आणि त्यांची एकुलती एक लेक वुओक्को. सुलो उंच, ताडासारखा. आउने बेताची. आणि लेक? लेक आईवरही नाही अन् बापावरही नाही, इतकी बुटकी की बर्फ पडला की तिची टोपीच तेवढी चाललेली दिसायची. माणसं सरळ, कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. फक्त सुलो बोलायचा नाही. आता आमच्याकडे तसं कुणीच फार बोलत नाही, पण सुलोला आम्हीसुद्धा मुका म्हणायचो, यावरून काय ते ओळखा! लग्नात पाद्र्यानं विचारलं, "ही बायको म्हणून मान्य आहे का?" हा नुसती मान हलवतो. पाद्री थांबलाय, वऱ्हाड थांबलंय, बाहेर घोडा खिंकाळतोय... शेवटी आउनेनं कोपर मारलं तेव्हा कुठं "हं" निघालं. ती सांगायची, "त्या 'हं'वर मी चाळीस वर्षं संसार केला."

पण मुका असला तरी त्याची भाषा होती बरं का. टकटकीची! सौनाची, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीघराची, भिंत ठोकेल, टेबल ठोकेल, आणि रानात असला की वॉकीटॉकीचं बटण दाबेल. आमच्याकडे शरदात मूस मारायला सगळी टोळी रानात जाते. मूस म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याहून उंच. हाकारे कुत्रा घेऊन एकीकडून हाका घालतात, आणि बाकीचे आपापल्या बैठकीवर बंदूक घेऊन गपचिप बसतात. बैठक ठरलेली, बापाकडून लेकराकडे जाणारी. टोळीचा म्होरक्या काउको, त्याचा आवाज असा की वॉकीटॉकी कशाला घेतो कळत नाही, तो ओरडायचा, "सुलो! दिसतंय का काही?" आणि सुलोचं बटण दाबलं जायचं. टक्... म्हणजे हो. टक् टक्... म्हणजे नाही. झालं संभाषण!

बंदूक त्याची सेमी-ऑटोमॅटिक. हौस म्हणून नाही हो, लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची दोन बोटं गेलेली, दर गोळीला खटका मागे ओढायचा कसा? ही आपली दुसरी गोळी आपणहून पुढे आणून बसवते. परवानाही रीतसर. आणि नळी त्याच्या उंचीला शोभेल अशी लांब, वर आवाज दाबायचं नळकांडं, ते आणखी लांब. सुलोच्या हातात काठी वाटायची. वुओक्कोच्या हातात... पण ते पुढं.

त्या शरदात काय झालं, वुओक्को बसली होती शेजारच्या बैठकीवर, मधे नुसती दलदल. पहिला बर्फ भुरभुरत होता. दुपार कलली, हाका दूर गेलेला, आणि तिच्या कानाशी वॉकीटॉकीत वाजलं, टक् टक् टक्.

तीनदा.

आता हो म्हणजे एक, नाही म्हणजे दोन, तीन म्हणजे काय? पोरीला वाटलं, कोटाखाली बटण दाबलं गेलं असेल. ती काही बोलली नाही. बोलणार काय? बापाचीच लेक! पुढं हाका संपला, काउको ओरडला, "चला रे, सॉसेज भाजायला! सुलो, ठीक ना?" तिकडून काही नाही. काउको म्हणतो, "ठीक आहे म्हणे!"

हसू नका! आमच्याकडचीच चूक ही. दुसऱ्या मुलखात माणूस गप्प झाला की लोक धावतात, आमच्याकडे म्हणतात, बसू दे, विचार करत असेल. सगळ्यांनी शेकोटीभोवती सॉसेज खाल्लं, सुलोचं एक काठीला टोचून बाजूला ठेवलं, आणि ते गार झालं तेव्हा वुओक्को उठली. बाप आपल्या बैठकीवर, मोठ्या खडकाच्या खोबणीत पाठ टेकून बसलेला. मांडीवर बंदूक. आणि नळीवर बर्फ साचलेला, जसाच्या तसा, कुठे वितळलेला नाही...

वुओक्कोनं त्या तीन टकटकींबद्दल कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. आईला तर नाहीच. पण तिच्या मनानं घेतलं, तीन म्हणजे 'ये'. तीन म्हणजे 'वाचव'. अन् मी मेली नुसती ऐकत बसले, हेच तिला खात राहिलं.

पुढं बंदूक रीतसर तिच्या नावावर झाली, बैठकही तिची झाली. आणि सुरू झालं! लोखंडी कपाटातून बंदूक काढायची तर चौकटीला नळी... टक्! गाडीत ठेवायची तर दाराला... टक्! रानातल्या झोपडीत शिरायचं तर तुळईला... टक्! अहो, बुटकी ती, बंदूक तिच्याहून हातभर आधी पोचायची सगळीकडे! नळी लांब होती, आणखी काय! पण प्रत्येक टक्ला पोरगी पांढरीफटक. आणि आई? आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, "काय हो? उठलात?"

ऐकलंत? काय हो, उठलात! आउनेला वाटायचं सुलो आलाय. घाबरली नाही, नाही... खुलली! लोखंडी कपाट उभं होतं जिन्याखाली, कुलपाची किल्ली फक्त वुओक्कोपाशी, कायदाच तसा, ज्याचा परवाना त्याचीच किल्ली. मग आउने खुर्ची घेऊन त्या बंद कपाटासमोर विणत बसायची. संध्याकाळी थंडी वाढली की ते लोखंड आपलं आपण वाजायचं, टक्. की ही म्हणायची, "बघ, मी विचारलं मोजे पुरे झाले का, हो म्हणाले." वुओक्को सांगायची, "आई, लोखंड आकसतं गं थंडीनं." आई म्हणायची, "आकसू दे. चाळीस वर्षांत एवढं बोलले नव्हते."

तिकडं रानात निराळीच तऱ्हा. त्या खडकाच्या खोबणीतून डावीकडची मोकळी पट्टी दिसते, मूस तिथूनच निघतो. पण त्या बाजूला नळी वळवायची तर खडकाचं नाक आडवं. सुलो ताडमाड, तो नळी वरून फिरवायचा. ही फिरवायला गेली की नळी खडकावर... टक्! मूसनं कान टवकारला, गेला! नळकांडं काढून बघितलं तरी तेच, नळी लांब ती लांबच. पुठ्ठ्याच्या मूसवर नेम धरायच्या परीक्षेत कधी चुकली नाही हो ती, तिथं खडक नसतो ना! पण रानात एक शरद रिकामा गेला, दुसराही गेला. आणि दर वेळी त्या टक्नंतर तिला वाटायचं, आता आणखी दोन वाजणार. श्वास धरून बसायची. मूसचं भानच नाही, ही मोजतेय!

काउको तर टपलेलाच. त्याचा जावई ओउलू शहराहून आलेला, नवे कोरे बूट, नवी कोरी टोपी, बैठकीवाचून बसलेला. काउको म्हणाला, "हे बघ पोरी, तुझा बाप माझा दोस्त होता. पण रिवाज तो रिवाज. तिसरा शरद रिकामा गेला तर बैठक दुसऱ्याला."

बैठक गेली म्हणजे काय गेलं कळतंय ना? टोळीतली जागा गेली, हिवाळ्याचं मांस गेलं, ते जाऊ दे... बाप जिथं शेवटचा बसला तिथं ओउलूचा जावई बूट पसरून बसणार! वुओक्को म्हणाली, "नळी आखूड करून घेते."

काउको म्हणतो, "मग करवत घे की! हातभर काप, झालं!"

काप म्हणे! भोपळा आहे? ती गेली हेइमोकडे, बंदुका दुरुस्त करणारा, परवानाधारक. त्यानं करवत शब्द ऐकला आणि चष्माच काढून ठेवला. "ताई, ही सेमी-ऑटोमॅटिक आहे. गोळीच्याच जोरावर आतलं यंत्र मागं जातं. कुठंही कापलीत तर रुसून बसेल. आणि फार आखूड झाली तर ती शिकारीची बंदूकच राहत नाही, मग तुम्ही थेट तुरुंगात. कंपनीची आखूड नळी मागवू, ती मी बसवीन. पण आधी पोलिसांची परवानगी आणा. नळी म्हणजे कायद्यानं बंदूकच, नुसती नळीसुद्धा."

घरी येऊन हे सांगितलं तर आउनेच्या हातातल्या सुया थांबल्या. "म्हणजे बापाची जीभ कापणार तू?"

"आई, ती नळी आहे."

"माझ्याशी तीच बोलते. तू तरी कुठं बोलतेस?"

आता यावर काय बोलायचं? वुओक्को काहीच बोलली नाही. म्हणजे बघा!

पोलिसात जायच्या दिवशी आउने स्कार्फ बांधून गाडीत आधी येऊन बसलेली. "मी येणार. माझ्या नवऱ्याचं तोंड बंद करायची परवानगी कोण देतं, बघायचंय मला." वुओक्कोनं वाटभर बजावलं, "आई, तिथं बाबांचं नाव काढू नकोस. ज्याला मेलेली माणसं ऐकू येतात त्याच्याकडं बंदूक ठेवत नाहीत गं. परवानाच काढून घेतील. बैठक जाईल, सगळं जाईल." आउने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी कुठं काय बोलते?"

टेबलाशी कोर्पेलाबाई. तरणी पोर, नीटनेटकी, आवाज मऊ. मऊ आवाजाचे पोलिस फार वाईट हो!

"नळी आखूड का हवीय?"

"जागा अडचणीची आहे," वुओक्को म्हणाली. घरून पाठ करून आणलेलं.

"अडचण म्हणजे?"

"खडक आहे. नळी लागते."

"मग?"

"आवाज होतो."

"आवाज नव्हे!" आउने. "बोलतो तो!"

वुओक्कोनं टेबलाखाली आईच्या पायावर पाय दिला. उपयोग शून्य, आउनेचे बूट दणकट.

"कोण बोलतो?" बाईंनी मान वर केली.

"माझा नवरा."

"अच्छा. ते आलेत का बरोबर? बाहेर थांबलेत?"

"बाहेरच आहेत. चर्चच्या मागे. तिसऱ्या रांगेत."

संपलं! वुओक्कोला दिसलंच... बंदूक गेली, कपाट रिकामं, खोबणीत ओउलूचे बूट! आणि आउनेची गाडी आता थांबते होय? चाळीस वर्षांचं तुंबलेलं! "एकदा टक् म्हणजे हो. दोनदा म्हणजे नाही. लग्नातसुद्धा—"

"आणि तीनदा?" कोर्पेलाबाईंनी सहज विचारलं हो, लेखणी हातात धरून, जसं आपण विचारतो, मग पुढं काय झालं? पण वुओक्कोच्या अंगातलं रक्तच थांबलं. तीनचं कुणाला ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"तीनदा म्हणजे कॉफी," आउने म्हणाली. "सौनात बसले की भिंत ठोकायचे. टक् टक् टक्. म्हणजे अंघोळ झाली, मी येतोय, किटली ठेव."

कॉफी!

वुओक्कोच्या तोंडून असा काही आवाज निघाला की बाहेरचा शिपाई डोकावला. हसू म्हणावं तर डोळ्यांतून धारा, रडू म्हणावं तर खुर्ची हलतेय हसण्यानं. दोन वर्षं 'वाचव' म्हणून छातीवर धोंडा घेऊन हिंडली पोर, आणि तो कॉफी मागत होता! मग तिनं सांगून टाकलं, पोलिसासमोर, सगळं. बर्फ, बटण, तीन टकटकी, गार झालेलं सॉसेज. आउने ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "रानात त्यांनी कधी कॉफी मागितली नाही गं. तिथं किटली नसते, ठाऊक होतं त्यांना." स्कार्फची गाठ नीट केली. "म्हणजे तेव्हा ते घरी पोचले होते."

तुम्हाला सांगते, अंगावर काटा येतो अजून. बघा, आला.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. "आमचे आजोबा चुलीवर चमचा आपटायचे. मिठासाठी. अजूनही कधी कधी, मी एकटी असले की..." दाराकडे बघितलं. "हे मी बोलले नाही. तुमचंही मी ऐकलं नाही. फक्त एक विचारते, आजी, नीट उत्तर द्या. ती टकटक तुम्हाला काही करायला सांगते का?"

"सांगते ना."

"काय?"

"कॉफी ठेव."

बाईंनी शिक्का मारला. "कॉफीला आमची हरकत नाही."

मग नळी आली. हेइमोनं बसवली, मोजली, पुन्हा मोजली, पोलिसात नेऊन दाखवली, तिथं कोर्पेलाबाईंनी टेप लावून मोजली. एवढं तर आमच्या पोरींना लग्नाच्या पोशाखाला मोजत नाहीत! जुनी नळी आउनेला उशाशी हवी होती. नाही म्हणजे नाही! परवाना नाही तर हात लावायचा नाही. ती गेली कपाटात, कुलपाआड. आउने पुन्हा खुर्ची घेऊन समोर.

आला तिसरा शरद. वुओक्को खोबणीत बसली. आखूड बंदूक मांडीवर अशी मावलेली, जशी तिच्यासाठीच जन्मलेली. दूर कुत्रं भुंकलं. पट्टीच्या कडेला फांदी हलली, आणि निघाला... नर, शिंगं फावड्याएवढी! तिनं नळी डावीकडं फिरवली. खडकाच्या नाकाजवळून... आणि आवाज नाही.

काहीच नाही.

बघा मंडळी, टकटकीची भीती वाटणारी माणसं मी पुष्कळ बघितली. टक् झालं नाही म्हणून जिचे केस उभे राहिले अशी ती एकटीच! दोन वर्षं जो आवाज आला तो आला नाही, आणि त्या रिकाम्या जागी बाप बसला होता, खराखुरा, गप्प. ज्याचं गप्प राहणं हेच असणं, तो! आणि तो मूस थांबला. तिच्याकडं नाही बघत होता. तिच्या शेजारी, खडकाच्या मोकळ्या खोबणीकडं बघत होता, बराच वेळ, ओळखीचं माणूस दिसल्यासारखा.

तिनं चाप ओढला. एकच गोळी. दुसरी आपणहून पुढं येऊन बसली, पण तिची गरजच पडली नाही.

"काय गं, काय झालं?" काउको वॉकीटॉकीत ओरडला. वुओक्कोनं बटण दाबलं. बापाच्या सवयीनं सोडून देणार, टक्... पण दाबूनच धरलं. "पडला," म्हणाली. आणि मग थांबेचना! मूस कुठून आला, शिंगं केवढी, बर्फ कसा, मला थंडी वाजतेय, काउकोकाका तुमचा पाय कसाय, बाबांनी त्या दिवशी तीनदा वाजवलं होतं हो, कॉफी मागितली होती... सगळी टोळी आपापल्या झाडाखाली टोप्या काढून ऐकत बसलेली. ओउलूचा जावईसुद्धा नवे बूट चिखलात बुडवून उभा.

संध्याकाळी मांसाचे वाटे घातले. आमच्याकडे एकजण पाठ फिरवून उभा राहतो, दुसरा वाट्यावर हात ठेवून विचारतो, "हा कुणाचा?", की पाठमोरा नाव घेतो. काउको पाठमोरा होता. सगळ्यात चांगल्या वाट्यावर हात पडला. "हा कुणाचा?" काउको सवयीनं म्हणाला, "सुलोचा." कुणी चूक दुरुस्त केली नाही. वुओक्कोनं वाटा उचलला.

बैठक राहिली. पुढच्या वसंतात काउकोचा घसा बसला तो बसलाच, आणि टोळीनं म्होरकेपण वुओक्कोला दिलं. पहिलाच नियम तिनं काय केला ठाऊक आहे? "माझ्या टोळीत बटणाची टकटक चालणार नाही. घडीघडीला प्रत्येकानं तोंडानं बोलायचं. गप्प राहिलात तर मी धावत येईन." आता आमच्या पुरुषांचे हाल बघा! झाडाझाडाखालून येतंय, "मी आहे." "मीही." "थंडी आहे." "हो, आहे." जन्मात आपल्या बायकांशी एवढं बोलले नव्हते! दर शरदाला पाच-सहा मूस, तळघरातली शीतपेटी गच्च, घरात माणसांची ये-जा, ओउलूचा जावई हटकून पाव खायला येतो, हेइमो नळी कशी चाललीय ते विचारायला येतो आणि जातच नाही. एकेकाळी ज्या घरात घड्याळाचाच काय तो आवाज, तिथं आता तुंबळ गोंगाट. देवानं दिलं हो, भरभरून दिलं!

आणि आउने? सुलोची वॉकीटॉकी स्वयंपाकघरात लावून ठेवलीय, दिवसभर लेकीचा आवाज घरभर. मी गेले तेव्हा ती कपाटासमोर बसलेली, शेजारी कॉफीचे दोन कप. वॉकीटॉकीत वुओक्को टोळीला दम देत होती, एकेकाचं नाव घेऊन. आउनेनं कान हातानं झाकला, उठली, आणि खटकन बटण बंद केलं.

"गप्प बस गं बाई जरा," म्हणाली, "तुझा बाप काहीतरी म्हणतोय, मला ऐकू दे!"